देवळालीचा ताप, फ्रेंच कुत्रा आणि कोशांची पारख

इंग्रज माणूस वैतागून कुणाबद्दल 'ही हॅज गॉन डूलॅली', म्हणजे 'याचं डोकं फिरलंय', म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी नाशिकजवळचं देवळाली असतं. मराठी वाचकाला हे ऐकून ठाऊक असतं आणि सांगताना छातीही थोडी फुगते. पण बारावीच्या वर्गात एखाद्या मुलीने 'सर, कशावरून?' विचारलं, किंवा रविवारच्या पुरवणीचं पान सोडताना उपसंपादकाला साल टाकायचं झालं, की गाडी अडते. मग कुणी मोबाइल काढतो, पहिली जी यादी सापडेल तीतली तीन वाक्यं उचलतो आणि चूक छापून मोकळा होतो.

इंग्रजी वाक्प्रचाराचं मूळ आणि त्याचा बदलत गेलेला अर्थ शोधायला गोव्यात बसून कोणती साधनं वापरावीत, कोणत्यावर पैसे घालावेत आणि कोणत्यावर घालू नयेत, याची ही पारख. कसोटीला तीन शब्दप्रयोग घेतले आहेत. 'डूलॅली'चं मूळ आपल्याकडचं सांगतात आणि ते खरं आहे. 'बाइट द बुलेट'चं, अक्षरशः 'गोळी चावणं'चं, मूळही आपल्याकडचं, १८५७च्या काडतुसांतलं सांगतात, पण ते खोटं आहे. तिसरा प्रयोग 'मोर-द-शिअँ', अक्षरशः 'कुत्र्याचं मरण'. तो शंभर टक्के फ्रेंच वाटतो आणि निघतो मात्र आपल्याच अंगणातला. जे साधन या तिन्हींत फसत नाही, त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

सुरुवात ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशापासून करावी लागते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ अशी भागाभागांनी निघाली, दुसरी १९८९ साली वीस खंडांत आली, आणि २०००पासून तिसऱ्या आवृत्तीचं काम ऑनलाइन चालू आहे. दर तीन महिन्यांनी त्यात भर पडते. या कोशाचं बळ एकाच गोष्टीत आहे: प्रत्येक अर्थाखाली सालवार छापील उतारे असतात. अर्थ कधी सरकला, हे कोशकार सांगत बसत नाही. तुम्ही उतारे वरून खाली वाचता आणि सरकलेला दिसतो.

'डूलॅली'साठी या कोशाने दिलेला महत्त्वाचा पुरावा १९२५चा आहे, फ्रेझर आणि गिबन्स यांनी केलेल्या सैनिकी व नाविक बोलीच्या कोशातला. तिथे नोंद 'देवळाली टॅप' अशी आहे, 'डूलॅली टॅप' हे तिचं दुसरं रूप, आणि अर्थ 'वेडा, डोक्यावर परिणाम झालेला'. शेजारी शेरा आहे की हा जुन्या पलटणीतला शब्द. इथेच नवखा माणूस घसरतो. १९२५ हे साल दिसलं की तो लिहितो, 'हा शब्द १९२५मध्ये जन्माला आला.' देवळालीची छावणी १८६१ची. मधल्या साठेक वर्षांत शब्द कधीतरी रुजला तो शिपायांच्या तोंडी, आणि शिपाई पुस्तकं छापत नसत. कोशातलं पहिलं साल म्हणजे कोशाच्या हाती लागलेला पुरावा. लिहायचंच असेल तर 'छापील नोंद १९२५ची, प्रयोग त्याआधीचा' असं लिहावं. ऑनलाइन आवृत्तीत नवा उतारा सापडला की साल मागे जातं, म्हणून नोंद कोणत्या दिवशी पाहिली तेही टिपून ठेवावं.

या कोशात जे मिळत नाही ते 'का'. देवळालीच का? पुण्याला छावणी होती, बेळगावला होती, तिथला ताप कुणाला का चढला नाही? उत्तर जहाजांच्या वेळापत्रकात आहे. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी नेणारी जहाजं मुंबईहून साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीला थांबावं लागे. कवायत नाही, काम नाही, वर उन्हाळा आणि मग पावसाळा. हातात असलेला पैसा दारूत जायचा, भांडणं व्हायची, काही जण थेट लष्करी तुरुंगात पोचायचे, आणि माणसं भ्रमल्यासारखी वागायची. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत हे वर्णन केलं आहे. शब्द जगला तो या रिकाम्या थांबण्यामुळे. पुढे अर्थ कसा पातळ झाला ते समजायला हे मूळ माहीत असावं लागतं.

तेव्हा ऑक्सफर्ड घ्यावा का? एकट्याने वर्गणी भरण्याइतका तो बहुतेकांना लागत नाही. अनुवादाचं काम रोजचं असेल तर एका वर्षाची घ्या आणि त्या वर्षात सगळी अडलेली प्रकरणं निकालात काढा. कॉलेजच्या ग्रंथालयाची वर्गणी आहे का, हे आधी विचारलेलं बरं. वीस खंडांची छापील दुसरी आवृत्ती एखाद्या संदर्भ विभागात असेल तर शंभरातली नव्वद कामं तिच्यावर भागतात. वाक्प्रचार शोधताना मात्र एक खाचखळगा आहे. तो कोणत्या शब्दाखाली ठेवला आहे, हे आधी कळत नाही. 'बाइट द बुलेट' क्रियापदाखालीही असू शकतो आणि नामाखालीही. छापील खंडात दोन्ही पाहावेत, ऑनलाइन असेल तर वाक्प्रचारांचा वेगळा शोध वापरावा.

आता ज्या साधनाला आम्ही सगळ्यांत वरचे गुण देतो, ते पूर्ण फुकट आहे: शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेले दक्षिण आशियाई भाषांचे कोश. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, प्लॅट्सचा उर्दू आणि हिंदीचा १८८४चा कोश आहे, आणि 'हॉब्सन-जॉब्सन' आहे. हा शेवटचा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली छापलेला. विल्यम क्रुक यांनी वाढवलेली आवृत्ती १९०३ची. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा तो कोश आहे, आणि त्याचं नावच ऐकण्याच्या घोटाळ्याचा नमुना आहे. मोहरममधला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानाला तसा ऐकू आला.

'डूलॅली'च्या 'टॅप'चा निकाल यांतल्या पहिल्या दोन कोशांत लागतो, आणि तो लावताना मराठी माणसाने स्वतःच्या उत्साहालाही लगाम घालावा. 'टॅप' म्हणजे आपला 'ताप', हे इतकं उघड वाटतं की पुढे पाहायची गरज भासत नाही. मोल्सवर्थमध्ये 'ताप' आहे: उष्णता, ज्वर, शिवाय मनाला होणारा त्रास. पण प्लॅट्स उघडला की फारसीतून आलेला 'तप' भेटतो, त्याचाही अर्थ ज्वर, आणि स्वर ऱ्हस्व. शिपाई बाजारात, खानसाम्याशी, भिश्त्याशी जी मोडकी हिंदुस्तानी बोलत, तिच्यात हा 'तप' होताच. इंग्रजी कोशकार फारसीचा हवाला देतात तो त्यामुळे. फारसी 'तप' आणि संस्कृत 'ताप' एकाच कुळातले, तेव्हा नातं तुटत नाही. पण 'हा शब्द मराठीतून इंग्रजीत गेला' असं ठोकून देणं बरोबर नाही. गाव आपलं, ज्वर हिंदुस्तानी, असा तो जोड आहे.

मराठी वाचकाला खरा फायदा होतो तो पुढच्या पायरीला. इंग्रज अभ्यासकाला 'टॅप' म्हणजे ज्वर एवढंच कोशातून कळतं. 'डोक्याला ताप', 'ताप देऊ नकोस', 'मनस्ताप' हे सगळं आपल्याला न शोधता ठाऊक असतं. शरीराचा ज्वर आणि डोक्याची कटकट एकाच शब्दात राहतात, हे आपल्या भाषांत रोजचं आहे. म्हणून 'डूलॅली टॅप'मध्ये मलेरिया शोधत बसण्याची गरज नाही.

अर्थ बदलला तो तीन टप्प्यांत. आधी 'डूलॅली टॅप' हे जडणाऱ्या दुखण्याचं नाव होतं. मग शेपूट गळालं, कारण ज्यांना ते कळत होतं ते निवृत्त झाले. नुसतं 'डूलॅली' विशेषणासारखं चालू लागलं आणि 'गो' या क्रियापदाला चिकटलं. तिसऱ्या टप्प्यात त्यातलं वेड उतरलं आणि नुसता सौम्य भ्रमिष्टपणा उरला. आजच्या इंग्रजीत चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी मावशी 'डूलॅली' असते आणि फुटबॉलचा सामना जिंकल्यावर बेभान झालेला जमावही. देवळाली कुठे आहे, याची बोलणाऱ्याला कल्पनाही नसते. गोव्यात याला शेजारचंच उदाहरण आहे. पोर्तुगीज 'सोसेगादु' म्हणजे शांत, निवांत. त्यातून आलेला 'सुशेगाद' पर्यटनाच्या जाहिरातींनी जवळजवळ 'आळशी' करून टाकला.

यावरून भाषांतराचंही ठरतं. 'त्याला देवळालीचा ताप चढला' असं मराठीत लिहिलं तर कुणालाच काही कळणार नाही, देवळालीकरांना तर नाहीच. १९१०च्या शिपायाच्या तोंडी असेल तर 'डोक्यावर परिणाम झाला'. आजच्या मावशीबद्दल असेल तर 'जरा भ्रमिष्ट झालीय'. संवाद म्हापशा-डिचोलीकडच्या पात्राच्या तोंडी असेल तर 'पिसो जाला'हून नेमकं काही सापडायचं नाही.

'मोर-द-शिअँ'ला 'हॉब्सन-जॉब्सन' जसा उतरला तसं दुसरं कुठलंच साधन उतरलं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत हिंदुस्थानातले युरोपीय पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, हे नाव वापरत. फ्रेंच येणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. माणूस काही तासांत कुत्र्यासारखा तडफडून मरतो, तेव्हा कुत्र्याचं मरण, झालं. कोश मात्र उलट्या दिशेने नेतो: फ्रेंचच्या मागे पोर्तुगीज 'मोर्देशी', 'मोर्देशिम', आणि त्याच्या मागे कोकणी-मराठी 'मोडशी'. पुरावा म्हणून गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा उतारा आहे. त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात आणि आपण त्याचं 'मोर्देशी' करून टाकलं आहे. म्हणजे अपभ्रंश होतोय हे ऐकणाऱ्याला त्याच वेळी कळत होतं. नंतर आलेल्यांनी तो अपभ्रंश ऐकला, त्यात आपल्या भाषेतला कुत्रा दिसला आणि त्यावर समाधान मानलं. मराठीत मोडशी आजही आहे, फक्त तिचा अर्थ पोट बिघडण्यावर येऊन थांबला आहे. इकडे शब्द सौम्य झाला आणि तिकडे त्याचं भयंकर मरण झालं, असा हा दुहेरी प्रवास.

शोधताना काय बिघडतं तेही पाहा. या संकेतस्थळावर मुख्य शब्दाचा शोध आणि पूर्ण मजकुराचा शोध असे दोन वेगळे प्रकार आहेत. नवखा माणूस पहिलाच वापरतो, शुद्धलेखन आजचं टाकतो आणि 'नोंद नाही' असा निष्कर्ष काढतो. नेहमी पूर्ण मजकुराचा शोध घ्यावा. आणि पोर्तुगीज उताऱ्यांत 'श'साठी एक्स येतो हे विसरू नये. गोव्यात हे नव्याने सांगायला नको. शेल्डे गावाची रोमन पाटी एक्सनेच सुरू होते. 'मोर्शी' एस-एचने शोधलीत तर ओर्ता सापडणार नाही, एक्सने शोधलीत तर सापडेल. ई आणि आय यांची अदलाबदल, शेवटी एम असणं-नसणं, अशी पाच-सहा रूपं आधी कागदावर लिहून मगच शोधायला बसावं. मोल्सवर्थमध्ये देवनागरीत शोधता येतं, पण १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचं अनुस्वारांचं वळण आजच्यापेक्षा वेगळं आहे. शब्द मिळाला नाही तर अनुस्वार काढून किंवा घालून पुन्हा पाहावं.

'हॉब्सन-जॉब्सन'चे दोषही आहेत. लिहिणारे साहेब होते आणि ते जागोजागी जाणवतं. साहेबाच्या बंगल्यात आणि कचेरीत जे बोललं जाई ते भरपूर, बराकीतलं कमी. व्युत्पत्तीही काही ठिकाणी आज टिकत नाही. म्हणून पोर्तुगीज वळणाचा शब्द असेल तर त्याच्या जोडीला दालगादोंचा 'ग्लोसारियो लुसो-आशियातिको' उघडावा. सेबास्तियाओ रोदोल्फो दालगादो मूळचे बार्देशातल्या आसगावचे, जन्म १८५५चा. त्यांच्या या कोशाचा पहिला खंड १९१९ला आणि दुसरा १९२१ला निघाला. यूल-बर्नेलना कोकणी-मराठी पुस्तकांतून कळत होती, दालगादोंना ती घरची होती. कोश पोर्तुगीजमध्ये आहे ही अडचण खरी, पण नोंदींची मांडणी इतकी नेमकी आहे की जुजबी पोर्तुगीज आणि शेजारी एक शब्दकोश एवढ्यावर काम होतं. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे शिरले यावरचा त्यांचा १९१३चा ग्रंथ ए. एक्स. सोआरेस यांनी इंग्रजीत आणला, तो १९३६ला बडोद्याला छापला गेला. पोर्तुगीज न येणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय याच कामासाठी लक्षात ठेवावं. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे, आणि पोर्तुगीज काळातल्या छापील साहित्यासाठी गोव्यात पहिली खेप तिथेच घालावी. कोश घरी नेता येत नाहीत असं गृहीत धरूनच जावं. लेखकाचं नाव, आवृत्तीचं साल आणि शोधायच्या रूपांची यादी कागदावर लिहून नेली तर एका बैठकीत तीन-चार शब्द होतात. 'जुना इंग्रजी कोश दाखवा' एवढंच सांगितलंत तर पहिला तास त्यातच जातो.

गुगलच्या एन-ग्रॅम आलेखाचं आकर्षण सगळ्यांना असतं. शब्द टाकला की छापील पुस्तकांत तो किती येत गेला याची दोनशे वर्षांची रेघ समोर येते आणि लेखाला चित्र मिळतं. डिसेंबर २०१०पासून हे फुकट उपलब्ध आहे, पण त्यातली यंत्रणा समजून घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. एका वेळी जास्तीत जास्त पाच शब्दांचा गट शोधता येतो. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' सात शब्दांचा असल्याने तो अख्खा टाकून काही मिळत नाही. 'कॅट आउट ऑफ द बॅग' टाकावं लागतं. किमान ४० पुस्तकांत न आलेला गट मोजलाच जात नाही. तेव्हा 'सापडलं नाही' याचा अर्थ 'प्रयोग नव्हता' असा होत नाही, आणि 'डूलॅली टॅप'सारख्या बराकीतल्या शब्दाला हाच फटका बसतो. लहान-मोठ्या लिपीचा फरक धरू नये असा पर्याय निवडायचा राहिला तर 'डी' मोठी आणि 'डी' छोटी असे दोन वेगळे शब्द मोजले जातात.

रेघ गुळगुळीत करण्याचा आकडा आपोआप ३ असतो. म्हणजे दिसणारा प्रत्येक बिंदू हा ते वर्ष, मागची तीन आणि पुढची तीन अशा सात वर्षांची सरासरी. एखाद्या शब्दाचं पहिलं साल शोधताना हा आकडा शून्य करायचा, नाहीतर शब्द जन्मायच्या तीन वर्षं आधीच रेघ वर उचललेली दिसते. क्रियापदाची सगळी रूपं एकदम हवी असतील तर क्रियापदाला चिकटून अंडरस्कोर आणि मोठ्या अक्षरांत आय-एन-एफ लिहावं, म्हणजे बाइट, बिट, बिटन, बाइटिंग अशा वेगवेगळ्या रेघा येतात. भाषांच्या यादीत मराठी नाही आणि पोर्तुगीजही नाही, हे गोव्याच्या वाचकाला विशेष खटकेल.

आणि मुख्य दोष: आलेखाला अर्थ कळत नाही. 'देवळाली' टाकलं तर रेल्वे स्टेशन, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आणि वेड हे सगळं एकाच रेघेत येतं. त्यामुळे हा आलेख शेवटी काढायचा. आधी उतारे वाचून झाले असतील तर तो कामाला येतो.

उतारे वाचायला गुगल बुक्स आणि इंटरनेट आर्काइव्ह. दोन्हीकडे वाक्प्रचार अवतरणचिन्हांत टाकावा आणि सालाची मर्यादा घालावी. गुगल बुक्सच्या सालांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. नियतकालिकाला अनेकदा पहिल्या अंकाचं साल लागलेलं असतं, म्हणजे १९५५च्या अंकातलं वाक्य १८६०चं म्हणून समोर येतं. जेफ्री नुनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने २००९मध्ये या चुकांची यादीच मांडली होती, आणि १८९९ या एका सालाखाली किती भलभलतं साचलं आहे ते दाखवलं होतं. 'लवकरचा पुरावा सापडला' असा आनंद झाला की लगेच मुखपृष्ठाचं पान उघडून साल डोळ्यांनी वाचावं. पान दिसत नसेल, नुसता तीन ओळींचा तुकडा दिसत असेल, तर तो पुरावा धरू नये. आर्काइव्हचा फायदा असा की तिथे जुनी पुस्तकं बहुधा अख्खी उघडतात. १८००च्या आधीच्या छपाईत लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो आणि यंत्र तसाच वाचतं. एस असलेले शब्द एफने टाकून पाहिले की लपलेले उतारे बाहेर येतात.

'बाइट द बुलेट'चा निकाल इथेच लागला. सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी की १८५७मध्ये शिपायांना चरबी लावलेलं काडतूस दातांनी तोडावं लागे, त्यातून हा वाक्प्रचार आला. गोष्ट दोन ठिकाणी मोडते. एक, एनफिल्डचं काडतूस ही कागदाची नळी होती. दातांनी फाडायचं ते दारूच्या बाजूचं कागदाचं टोक. दारू बंदुकीच्या नळीत ओतायची, आणि गोळी दुसऱ्या टोकाला कागदातच राहायची. गोळी कुणी चावत नव्हतं. दोन, फ्रान्सिस ग्रोसच्या बाजारी इंग्रजीच्या कोशाची १७९६ची आवृत्ती आर्काइव्हवर उघडली की 'नाइटिंगेल' या शब्दाखाली खुलासा मिळतो. फटके खाताना जो शिपाई ओरडतो त्याला पलटणीत बुलबुल म्हणत, आणि तशी नाचक्की होऊ नये म्हणून ते तोंडात गोळी धरून चघळत. हे १८५७च्या साठ वर्षं आधीचं. भूल न देता शस्त्रक्रिया करताना जखमी शिपायाच्या दातांत गोळी देत, ही दुसरी लोकप्रिय गोष्टही या नोंदीपुढे फिकी पडते.

किपलिंगच्या १८९१च्या कादंबरीपर्यंत प्रयोग लाक्षणिक झालेला दिसतो. पण तिथेही अर्थ 'भीती दाखवू नकोस, सोस' असाच आहे. आज इंग्रजी वर्तमानपत्रात सरकार 'गोळी चावतं' तेव्हा ते काही सोसत नसतं. टाळत आलेला अप्रिय निर्णय शेवटी घेत असतं. हे सरकणं महत्त्वाचं, कारण मराठीत दोन वेगळे प्रयोग लागतात: जुन्या अर्थाला 'दात-ओठ आवळून सोसणं', नव्याला 'मन घट्ट करून निर्णय घेणं'. 'सरकारने अखेर गोळी चावली' असं मराठीत लिहू नये. वाचकाला ती औषधाची वाटते.

वाक्प्रचारांच्या गोष्टी सांगणाऱ्या जाड पुस्तकांबद्दल थोडक्यात. त्यांचा मूळपुरुष म्हणजे ब्रूअरचा १८७०चा कोश. पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि अजून निघतात. वाचायला झकास, पावसाळी दुपारी हातात धरण्यासारखा, पण पुरावा म्हणून वापरण्यासारखा नाही. नोंदीखाली साल-पान नसलं की ती नोंद गोष्ट समजावी. एरिक पार्ट्रिजचा बोलीभाषेचा १९३७चा कोश सैनिकी शब्दांसाठी बराच बरा, कारण त्याने पलटण आतून पाहिली होती. तरी सालांच्या बाबतीत तो अंदाजाने बोलतो. जोनाथन ग्रीन यांचा बोलीकोश २०१०ला तीन खंडांत आला आणि २०१६पासून ऑनलाइन आहे. 'डूलॅली'सारख्या शब्दाला ऑक्सफर्ड परवडत नसेल तर तो उघडावा. चॅटबॉटला विचारायचं तर शोधायची रूपं सुचवायला विचारावं. साल आणि उतारा मात्र त्याच्याकडून घेऊ नये, तो पान क्रमांकासकट नसलेलं वाक्य बेधडक देतो.

बातम्यांच्या संग्रहांत ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह पैसे घेतं. ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' फुकट आहेत आणि साम्राज्यभरच्या बातम्या, शिपायांची पत्रं तिथेही छापली जात. पैसे भरण्याआधी हे दोन पालथे घालावेत. 'डूलॅली' तिथे शोधताना दोन ओ आणि दोन एलच्या रूपाबरोबर एक एल, मधे जोडरेघ, शेवटी आय किंवा आय-ई अशी सगळी रूपं टाकावीत. नुसतं गावाचं नाव आलेले उतारे बाजूला काढायला आधीचा शब्द पाहावा: 'अ‍ॅट' किंवा 'टू' असेल तर ते गाव, 'गॉन', 'वेंट' किंवा 'गॉट द' असेल तर वेड.

सापडलेलं नुसतं लक्षात ठेवू नये, प्रत्येक उताऱ्याला एक कार्ड करावं, पोस्टकार्डाच्या आकाराचं पुरे. वर डाव्या कोपऱ्यात साल, उजव्या कोपऱ्यात ते साल कशावरून: मुखपृष्ठ पाहिलं, की संकेतस्थळाने सांगितलं. मधे अख्खं वाक्य, अर्धं नाही, कारण अर्थ बहुधा उरलेल्या अर्ध्यात असतो. खाली मराठीत एका ओळीत अर्थ, आणि तो मात्र पेन्सिलीने. 'डूलॅली'चं १९२५चं कार्ड असं भरलं जाईल: फ्रेझर-गिबन्स, नोंद 'देवळाली टॅप', जुन्या पलटणीतला शब्द, आणि पेन्सिलीने 'वेडा; टॅप = ज्वर, फारसी तप, प्लॅट्स पाहा'. त्याच्या मागे १९३६चं रिचर्ड्सचं कार्ड लावायचं, आणि पुढे १८६१ लिहिलेलं एक कोरं कार्ड ठेवायचं, मधल्या काळातला उतारा मिळाला की भरायला.